बेस कॅबिनेटचा तोच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा जातोय? आधी गेलेला उघडून बघा

माझ्या बेस गिटारच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या खोक्यात, दोन दहा-इंची ड्रायव्हर (खोक्यातला सुटा स्पीकर) आहेत. त्यातला खालचा दोन वर्षांत तीनदा गेला. वरचा अजून पहिलाच आहे. दर वेळी मी तेच केलं. आठ बोल्ट सोडले, जुना काढला, नागपूरच्या बर्डीतल्या बाजारातून नवा आणला, बसवला, वाजला, की निघालो पुढच्या कार्यक्रमाला. तिसऱ्यांदा गेला तो भीमजयंतीच्या आदल्या रात्री, उत्तर नागपुरातल्या एका मोकळ्या मैदानावर, दुसऱ्याच गाण्याला. आधी खर्जाला खरखर, मग पाचेक मिनिटांत खालचा स्पीकर साफ मुका. समोर मैदान भरलेलं, ढोलकी आणि ऑक्टोपॅड रंगात आलेले, आणि बेस अर्धाच. पैसे गेले त्यापेक्षा त्या गाण्यांचं जास्त वाईट वाटलं. भीमगीतात खालचा आधार गेला की गाणं बसून जातं, गाणाऱ्याला जोर सापडत नाही.

एकच गोष्ट सांगण्यासाठी हे लिहितोय. नवा ड्रायव्हर आणण्याआधी जुना कशानं गेला ते शोधा. कारण तसंच राहिलं, तर नवा त्याच वाटेनं जाणार.

पोत्यातले तीन ड्रायव्हर

गेलेले ड्रायव्हर मी माळ्यावर टाकून ठेवले होते, ते कामाला आले. तिन्ही पोत्यात घालून इतवारीत रिकोनिंग करणाऱ्या, म्हणजे जुन्या ड्रायव्हरमध्ये नवा कोन आणि कॉइल बसवून देणाऱ्या, एका काकांकडे नेले. म्हटलं, यातला एखादा तरी दुरुस्त करून द्या. त्यांनी विचारलं, "तिन्ही एकाच खोक्यातले?" मी हो म्हटलं. "मग थांबा जी. काहून मेले ते आधी पाहू तर द्या."

ब्लेडनं त्यांनी कोनची (पुढे हलणाऱ्या पडद्याची) कड कापली, खालचा पिवळा स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचीक चकती) कापला आणि कोन कॉइलसकट, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीसकट, वर उचलला. पहिल्या ड्रायव्हरच्या कॉइलची खालची कड आत वळलेली होती, पत्र्याचा डबा फरशीवर आपटल्यावर काठ दबतो तशी. तांब्याची वेटोळी मात्र स्वच्छ. "हे जळालं नाही. हे मागच्या लोखंडावर आपटून राहिलं होतं." दुसऱ्याची कॉइल काळी ठिक्कर. आतली नळी करपलेली, दोन-तीन वेटोळी सुटून लोंबत होती, आणि जळक्या वार्निशचा वास वर्ष उलटूनही तसाच. तिसऱ्याची कॉइल एका बाजूनं दोन बोटं रुंद घासून चकचकीत झालेली, समोरची बाजू नव्यासारखी. "आणि हे वाकडं बसलं होतं. घासून घासून तार उघडी पडली."

मी तोवर समजत होतो की बाजारात मालच हलका येतो. माल तिन्ही वेळा ठीक होता. पहिला माझ्या वाजवण्यानं गेला, दुसरा चुकीच्या खरेदीनं आणि तिसरा माझ्या बसवण्यानं.

ड्रायव्हरच गेलाय ना, हे आधी पक्कं करा

याला दहा मिनिटं लागतात. अ‍ॅम्प बंद करा, केबल काढा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकर न जोडता तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. स्पीकरचीच केबल वापरताय ना तेही बघा. गिटारची शील्डवाली बारीक केबल अ‍ॅम्प ते कॅबिनेट लावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ती तापते, मध्येच तुटते आणि दोष ड्रायव्हरवर येतो.

दुसरी केबल लावूनही आवाज तसाच असेल तर ड्रायव्हर बाहेर काढा, एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करायचा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतात, ४ ओहमच्याला तीन-साडेतीन. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली आहे, किंवा टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी ती विणलेली तार तुटली आहे. ही तार तुटली असेल तर जीव वाचला, ती डाक देऊन बदलता येते. एक लक्षात ठेवा, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांना ६ ओहम दाखवणारी कॉइल मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना साडेसहाच्या जवळ दाखवेल. तेवढ्यावरून ड्रायव्हर बिघडला असं समजू नका.

मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून, सारखा दाब देत, तो हळूच आत ढकला. कान जवळ न्या. कागद घासल्यासारखा खस-खस आवाज आला तर कॉइल घासतेय. पण दाब एकाच बाजूला पडला तर चांगला ड्रायव्हरही घासतो, म्हणून दोन-तीनदा करून बघा.

आणि ड्रायव्हर पूर्ण चांगला असूनही खरखर येत असेल, तर खोकं शोधा: सैल हँडल, जाळीचा पेच, जॅकची प्लेट, मागं पडलेला एखादा बोल्ट. मोबाइलवरच्या टोन जनरेटरनं ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सूर वर न्या, आवाज कमी ठेवा, आणि जिथे खरखर येते तिथे थांबून हातानं एकेक गोष्ट दाबत जा. माझ्या एका मित्राचा 'गेलेला' स्पीकर हँडलचा एक पेच आवळल्यावर बरा झाला होता.

आपटून गेला तर

पाच तारी बेसची खालची बी तार सुमारे ३१ हर्ट्झची. चार तारीची ई ४१ हर्ट्झची. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला तर कोनला चौपट हलावं लागतं. त्यात माझं कॅबिनेट समोर छिद्र असलेलं, पोर्टेड. अशा खोक्याचा पोर्ट एका ठरावीक सुराला जुळवलेला असतो. त्या सुराच्या आसपास बहुतेक काम पोर्ट करतो आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. त्याच्या खाली गेलं की पोर्टमधून हवा नुसती आत-बाहेर होते, कोनला मागून कसलाच आधार उरत नाही आणि तो मोकळा फडफडतो. बंद खोक्यात, म्हणजे १९६९ पासून चालत आलेल्या अँपेग कंपनीच्या आठ दहा-इंची स्पीकरच्या कॅबिनेटसारख्या खोक्यात, आतली हवा स्प्रिंगसारखी कोनला धरून ठेवते.

आता नागपुरातली आपली परिस्थिती बघा. सराव दहा बाय बाराच्या खोलीत होतो. कॅबिनेट कोपऱ्यात ठेवलेलं, भिंती खर्जाला साथ देतात, बेस छातीत वाजतो. तेच कॅबिनेट मैदानावर नेलं की भिंती नाहीत, खर्ज हवेत विरून जातो. आपण काय करतो? खर्ज वाढवणारी बासची गुंडी फिरवतो. मी ती पार उजवीकडे नेली होती. गुंडीनं खर्ज ६ डेसिबल वाढवला की चौपट वॅट लागतात, १२ डेसिबलला सोळा पट. दहा इंची दोन स्पीकर हजार माणसांच्या मैदानाला खर्ज देऊच शकत नाहीत. कितीही चांगला ड्रायव्हर आणला तरी हे बदलणार नाही.

याला उपाय ड्रायव्हरच्या दुकानात नाही. डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) बेस सरळ साउंडवाल्या भाऊच्या मिक्सरला द्या. मैदान त्यांचे मोठे बेस बिन सांभाळतील. आपलं कॅबिनेट फक्त आपल्याला आणि ढोलकीवाल्याला ऐकू यावं एवढंच. आणि अ‍ॅम्पच्या आधी हाय-पास फिल्टर लावा, ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापणारा. पुष्कळांना भीती वाटते की खर्ज पातळ होईल. होत नाही. ३१ हर्ट्झची बी तार आपण ऐकतो ती मुख्यतः तिच्या दुपटीवर, ६२ हर्ट्झवर. मी आता हा फिल्टर काढतच नाही, आणि उलट बेस जास्त मोकळा वाटतो, कारण कोन फुकट फडफडण्यात दमत नाही.

जळून गेला तर

दुसरा ड्रायव्हर जळाला त्यात ऊन, जनरेटर, अ‍ॅम्प सगळ्यांना मी दोष दिला होता. काकांनी चुंबकाच्या मागचा कागद पुसून दाखवला: ४ ओहम. माझे मूळचे दोन्ही ८ ओहमचे.

दोन ८ ओहमचे समांतर जोडले की ४ ओहम होतात, आणि माझा अ‍ॅम्प ४ ओहमला ३०० वॅट देतो. म्हणजे दोघांना दीडशे-दीडशे. खाली ४ ओहमचा आल्यावर दोघांना व्होल्टेज तेवढंच मिळालं, पण ४ ओहमचा ८ ओहमच्या दुप्पट वीज खातो. वरचा दीडशेवरच राहिला, खालच्यावर तीनशे आले. एकूण भार २.७ ओहमच्या खाली गेला, म्हणून अ‍ॅम्पही मध्येच तापून बंद पडायचा. मी तेव्हा त्याच्यापुढे पंखा लावला होता. अ‍ॅम्प मला स्पष्ट सांगत होता, मी ऐकत नव्हतो.

त्या ड्रायव्हरवर ४०० वॅट छापलेलं होतं. पण ते कमाल. सतत झेपणारे, म्हणजे आरएमएस, त्याच्या निम्मेच. खरेदीला गेलात की मोठा आकडा बघू नका, आरएमएसचा आकडा मागा. तो सांगता येत नसेल तर तो ड्रायव्हर घेऊ नका.

उन्हाबद्दलही बोलतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंशांत काहीही बिघडलं की उन्हावर जातं. स्पीकरला दिलेल्या वीजेतली अगदी थोडी आवाज बनते. ९७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) चांगल्या ड्रायव्हरमध्येही जेमतेम ३ टक्के. बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. जोरात वाजणारी कॉइल २०० अंशांच्या घरात जाऊ शकते. तिच्यापुढे बाहेरचे वीस अंश वाढले तर फार फरक पडत नाही. आपल्या कॅबिनेटचा खरा शत्रू पावसाळा आहे. भुश्याच्या बोर्डाचं खोकं ओल धरतं, फुगतं, टी-नट (बोल्ट धरणारे, लाकडात बसवलेले नट) सैल होतात, आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते.

नवा घेताना काय जुळायला हवं

ओहम जुळले, आरएमएस जुळलं, तरी काम अर्धंच. खोकं आणि ड्रायव्हर एकमेकांना साजेसे हवेत. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणितात मांडलं. चांगल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात आज जे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस छापतात ते त्यांच्याच कामातून आलेलं आहे. सगळं गणित येण्याची गरज नाही. दोन गोष्टी बघा. एफएस, म्हणजे ड्रायव्हरचा स्वतःचा नैसर्गिक सूर, बेसच्या दहा इंचीला साधारण ४० ते ६० हर्ट्झ असतो. आणि एक्समॅक्स, म्हणजे कॉइल किती मिलिमीटर सरळ हलू शकते, ते किमान साडेतीन-चार असावं.

गिटारचा दहा इंची स्पीकर दिसायला तसाच असतो, भोकातही बसतो. पण त्याचा एफएस बहुधा ७५ च्या वर आणि हालचाल एखाद्या मिलिमीटरची. तो बेसवर काही दिवसांत फाटतो. कारचा सबवूफर बसवण्याचा सल्लाही बर्डीत मिळेल. त्याचा कोन जड, संवेदनक्षमता ८५-८७ डेसिबलच्या आसपास. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तोच आवाज काढायला दहापट वॅट. नको.

सगळ्यात चांगलं म्हणजे कॅबिनेट बनवणाऱ्याचाच मूळ ड्रायव्हर. तो मिळत नसेल तर मला विचाराल तर दोन्ही एकदम बदला, सारखेच. एकाच खोक्यात दोन जातींचे ड्रायव्हर आतल्या हवेतून एकमेकांना ढकलत राहतात. खर्च दुप्पट वाटतो, पण मी एका जागेवर तीनदा खर्च केलाय.

रिकोनिंग हाही चांगला रस्ता आहे, चुंबक आणि सांगाडा धड असेल तर. काकांनी माझा पहिला ड्रायव्हर तसाच उठवला. आधी चुंबकाच्या फटीत उलटी गुंडाळलेली चिकटपट्टी फिरवून लोखंडाचा कण न् कण काढला. मग मधल्या खांबाभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या उभ्या लावल्या, त्यावर नवी कॉइल सरकवली. पट्ट्यांमुळे कॉइल बरोबर मधोमध राहते. स्पायडर आणि कोनची कड चिकटली, एक पूर्ण दिवस तसंच ठेवलं, तेव्हा कुठे पट्ट्या ओढून काढल्या आणि वरची टोपी चिकटवली. बोटानं दाबून पाहिलं, कोन लोण्यातून जावा तसा खाली गेला. फक्त कॉइल कितीची बसवतात ते आधी बोलून घ्या आणि घरी आणल्यावर मीटर लावा.

बसवताना

माझा तिसरा ड्रायव्हर इथे गेला. ड्रायव्हरखालची हवा अडवणारी पट्टी, म्हणजे जुनी गॅस्केट, फाटली होती, अर्धी मी काढली आणि अर्धी तशीच राहू दिली. वरून बोल्ट जीव खाऊन आवळले. पत्र्याचा सांगाडा त्या उंचसखल बैठकीवर किंचित पिळला आणि चुंबकाच्या फटीतली कॉइल एका बाजूला सरकली. फट केसभर असते. सुरुवातीला काही ऐकू आलं नाही, चार महिन्यांनी खरखर.

म्हणून आता जुनी गॅस्केट पूर्ण खरवडून काढतो. दाराच्या फटीला लावतात ती फोमची चिकटपट्टी भोकाभोवती गोल लावतो, दोन टोकं जिथे भेटतात तिथे फट ठेवत नाही. भोक आणि बोल्टचं अंतर आधी मोजून ठेवतो, कारण दहा इंची म्हणून मिळणारे सगळे ड्रायव्हर एकाच भोकात बसत नाहीत. वायरी टर्मिनलवर घट्ट बसवतो, लाल खुणेच्या टर्मिनलवर अधिकची (+) वायर. आठही बोल्ट आधी बोटांनी धरवायचे, मग समोरासमोरचे एकेक जोडीनं, थोडं थोडं आवळायचे. आटे जुळत नाहीत असं वाटलं तर जोर लावू नका. काही परदेशी खोक्यांत इंची आटे असतात, मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो, टी-नट लाकडातून सुटून फिरू लागतो. ड्रिल मशीन नको, हाताचा पेचकस घ्या आणि दुसरा हात कोनच्या वर आडवा ठेवा. चुंबक पेचकस खेचून घेतो. एका क्षणात नव्या कोनला भोक पडतं, मी दुसऱ्याच्या हातून पडताना पाहिलंय.

मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. कॅबिनेटला लावलेल्या केबलच्या प्लगच्या टोकाला सेलचा अधिक, मागच्या नळीला उणे, नुसतं क्षणभर टेकवा. दोन्ही कोन एकदमच पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर वायरी उलट्या आहेत. असं कॅबिनेट वाजतं, पण खर्ज एकमेकांना मारतात आणि आपण पुन्हा बासची गुंडी फिरवू लागतो.

शेवटी गळती. अ‍ॅम्पवर ६० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात सोडा आणि पेटलेली अगरबत्ती ड्रायव्हरच्या कडेनं, जॅकच्या प्लेटभोवती, हँडलजवळून हळूहळू फिरवा. पोर्टसमोर धूर थरथरणारच. दुसरीकडे कुठेही धुराची रेघ तुटून फडफडली, तर तिथून हवा जातेय. माझ्या जॅकच्या प्लेटमागे कधीच गॅस्केट नव्हती, हे मला इतक्या वर्षांत त्या अगरबत्तीनं सांगितलं. फोमची तीच पट्टी तिथेही लावली.

छोट्या हत्तीत कॅबिनेट घालून दोन-तीन कार्यक्रम झाले की बोल्ट एकदा पुन्हा हातानं तपासा, फोम दबून ते थोडे सैल होतात. नंतर मी वर्षातून दोनदा बघतो, पाऊस संपल्यावर एकदा, म्हणजे दसऱ्याच्या दीक्षाभूमीच्या दिवसांतल्या कार्यक्रमांआधी, आणि मार्चअखेर एकदा, जयंतीच्या तारखा लागण्याआधी.